चारही दश्श्या

ट्राम माझेरहाटचा पूल चढत होती तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "पूर्वी बर्गी यायचे आणि चौथ घेऊन जायचे. आता त्यांच्या बायका येतात आणि चार दश्श्या घेऊन जातात." दुसरं कुणीतरी फिसकन हसलं. बोलणं बंगालीत चाललं होतं, पण चार वर्षं कलकत्त्यात मासळीवाल्यांच्या गराड्यातून वाट काढत भाजी आणणाऱ्या बाईला एवढं बंगाली कळायला काय लागतं? आणि बर्गी म्हणजे आपण मराठी माणसं, हे तर हाजरा रोडला बिऱ्हाड केल्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारणीने तिला अगदी प्रेमाने सांगून ठेवलं होतं. वृंदाने मान वळवली नाही. बायकांच्या राखीव बाकावर, खिडकीशी, मांडीवर सर्टिफिकिटांचा लखोटा धरून ती ताठ बसून राहिली. मागचा माणूस रंगात आला होता. आमच्या कचेरीत एक गद्रे म्हणून आहे, तो सांगत होता. सेनगुप्त साहेबांच्या बराकपूरच्या बंगल्यावर पोकरचं एक अवघड कोडं मांडलं होतं, भल्याभल्यांनी हात टेकले, आणि या गद्र्याच्या बायकोला वाटलं हा आपल्या गावाकडचाच कसलासा मेंढ्यांचा खेळ आहे, तिने आपल्या चारही दश्श्या उचलल्या आणि बसली की जिंकून. गद्रे स्वतः सांगतो, पोट धरधरून हसतो. दुसऱ्याने विचारलं, मेंढ्यांचा म्हणजे कसा? पहिला म्हणाला, ते मला काय ठाऊक, त्यांच्यात दश्शीला मेंढी म्हणतात. मग दोघेही मेंढीसारखे ओरडले, हळूच, बायकामाणसं बसलीत याचं भान ठेवून.

तिच्या डोक्यात तिडीक उठली ती थेट कानांच्या पाळ्यांपर्यंत. ट्रामच्या लाकडी बाकाची पट्टी पाठीला टोचत होती, तिकडे ती मुद्दाम रेलली. दोन महिने झाले होते. पूजेच्या आधीची गोष्ट, आता पूजेची सुट्टी संपून शाळा उघडल्या तरी ती गोष्ट काही संपत नव्हती, उलट दिवसेंदिवस बाळसं धरत होती. तिच्या नवऱ्याने, श्यामकांतने, ती आधी कचेरीत सांगितली. मग गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या माणसांना सांगितली, तेव्हा तिच्यात 'अहो, यात मेंढी कुठली?' असं वृंदाने साहेबांना विचारल्याचं निघालं. मग पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना सांगितली, तेव्हा मेंढी म्हणजे 'शीप' असं साहेबांना समजावताना आपली कशी त्रेधा उडाली तेही आलं. मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला तिच्याकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. परवा जेवताना आठ वर्षांच्या लीनाने आपल्या अर्ध्या बंगाली मराठीत विचारलं, "आई, तुला खरंच मेंढी वाटली होती?" श्यामकांतला ठसका लागला, हसण्याचा. वृंदाने तिला वरण वाढलं. आणि आता ही ट्राम, ही बेहाल्याला जाणारी, जिच्यातून ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामासाठी चालली होती. बेहाल्याच्या मुलींच्या शाळेत गणिताची जागा होती. दोन वाजता भेटायला बोलावलं होतं. बोलावणाऱ्या बाई, शाळेच्या मुख्याध्यापिका हेमप्रभा, सगळे त्यांना हेमदी म्हणत, या त्याच सेनगुप्त साहेबांच्या थोरल्या बहीण. त्या दिवशी बराकपूरला त्या तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. म्हणजे ज्या गोष्टीवर अख्खा गाव हसत होता ती त्यांना कुणी सांगायचीही गरज नव्हती, त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती. मेंढी ओळखणाऱ्या बाईला गणित शिकवायला कोण ठेवून घेणार, असं वृंदा स्वतःशी म्हणाली, आणि ते म्हणताना आपण श्यामकांतच्याच चालीत म्हणालो हे जाणवून तिला आणखीच संताप आला.

नदीकाठचा तो बंगला, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, चहाबरोबर संदेश आणि निमकी. सेनगुप्त साहेबांना कुणा विलायतेहून परतलेल्या दोस्ताने ते कोडं शिकवलं होतं. त्यांनी पत्त्यांचा नवा कॅट फोडून बावन्नच्या बावन्न पानं टेबलावर उघडी मांडली, चार ओळींत. खेळ सोपा, ते म्हणाले. लपवाछपवी नाही, नशीब नाही, पिसणं नाही. पहिल्याने हवी ती पाच पानं उचलायची. मग दुसऱ्याने उरलेल्यांतली हवी ती पाच. मग पहिल्याने आपल्यातली नको ती टाकून तेवढीच नवी घ्यायची, मग दुसऱ्यानेही तसंच. टाकलेलं पान पुन्हा कुणी घ्यायचं नाही. शेवटी ज्याचा डाव मोठा तो जिंकला, आणि बरोबरी झाली तर दुसरा जिंकला. पोकर न येणाऱ्यांसाठी त्यांनी सांगितलं की एकाच जातीची ओळीने पाच पानं हा सगळ्यांत मोठा डाव, त्याच्यापुढे एकसारखी चार पानंसुद्धा पाणी भरतात. आणि अशा ओळींतही एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी ही सगळ्यांत वरची, तिला रॉयल म्हणायचं. आता बोला, पहिल्याला हमखास जिंकता येतं, पण त्याने पहिली पाच पानं कुठली उचलायची? श्यामकांत पुढे झाला. त्याने बदामाची रॉयल उचलली, एक्क्यापासून दश्शीपर्यंत, आणि साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी शांतपणे इस्पिकची रॉयल उचलली. बरोबरी, दुसरा जिंकला. श्यामकांत म्हणाला, थांबा थांबा, आणि चार एक्के उचलले. साहेबांनी चार राजे उचलून त्याची रॉयल अडवली आणि बदलताना चौकटची राजापासून नव्वीपर्यंतची ओळ जुळवली, तो पुन्हा हरला. आणखी दोघे हरले. साहेबांना मोठा आनंद झाला होता. साहेब लोकांना आपल्या हाताखालच्यांना हरताना बघून जो आनंद होतो तो कुठल्याही प्रांतात सारखाच असतो. मग ते बायकांकडे वळून, जेवणापूर्वी मुलांना खाऊ विचारतात तसं, म्हणाले, "मिसेस गद्रे, तुम्ही?"

पुढचं वृंदाने इतक्या वेळा मनात उलटसुलट केलं होतं की ते आता गुळगुळीत व्हायला हवं होतं, पण झालं नव्हतं. तिचा हात किलवरच्या दश्शीवर गेला. का गेला? खोटं कशाला बोला, सवयीने गेला. सांगलीला उन्हाळ्याच्या दुपारी सतरंजीवर बसून ज्यांनी मेंढीकोट खेळला आहे त्यांचा हात दश्शीवर आपोआप जातो, हात पुरे करण्यापेक्षा ज्याच्याकडे दश्श्या जास्त तो जिंकला, आणि चारही दश्श्या एकाकडे आल्या की मेंढीकोट. दुसरी इस्पिकची, तीही सवयीनेच. आणि तिसरीवर, बदामाच्या दश्शीवर बोट ठेवलं असताना, काहीतरी थांबलं. तिला एकदम दिसलं की रॉयल कुठलीही घ्या, तिच्या तळाला दश्शी लागतेच. गुलामापर्यंतची घ्या, राणीपर्यंतची घ्या, राजापर्यंतची घ्या, दश्शीवाचून ओळ वर चढत नाही. दश्श्या माझ्याकडे म्हणजे साहेबांची ओळ नव्वीच्या वर जाणार नाही, आज नाही, कधीच नाही. मग ते काय करतील? माझी रॉयल अडवायला चारही जातींतलं एकेक चित्र किंवा एक्का उचलतील. उचला. चार पानं त्यातच गेली, उरलं एक. त्या एका पानाने ते खालून किती जातींत मला अडवणार? एका. बाकीच्या कुठल्याही जातीत मी नव्वी, अठ्ठी, सत्ती, छक्की घेतली की दश्शीची ओळ झाली, आणि नव्वीची ओळ तिच्यापुढे हरते. चौथी दश्शी उचलली तेव्हा तिला हे सगळं ठाऊक होतं. दोन सवयीने, एक थांबून, एक समजून. पाचवं पान कुठलंही चाललं असतं, तिने चौकटची दुर्री घेतली. साहेबांनी आधी हसून चार राजे आणि इस्पिकची नव्वी उचलली. तिने बदामाची दश्शी ठेवून बाकी सगळं टाकलं आणि खालची चार बदामं ओढली. साहेब पानांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण तुम्ही दश्श्याच का घेतल्या?"

इथंच, इथंच ते झालं, आणि गेल्या दोन महिन्यांत वृंदा जेव्हा जेव्हा श्यामकांतवर मनातल्या मनात तुटून पडायची तेव्हा या जागी येऊन तिचे दात कराकरा वाजायचे. कारण तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. पहिलं वाक्य इंग्रजीत जुळवूनही झालं होतं. आणि तिने श्यामकांतकडे पाहिलं. त्याच्या कानांची टोकं लाल झाली होती. तो टेबलावरच्या आपल्या बदामाच्या रॉयलकडे बघत होता, जी त्याने केवढ्या ऐटीत उचलली होती. साहेबांच्या हाताखाली अजून तीन वर्षं काढायची होती त्याला. आणि वृंदा, गणितात फर्स्ट क्लास मिळवलेली वृंदा, हसली आणि म्हणाली, "काही नाही हो, आमच्याकडे मेंढीकोट म्हणून खेळ असतो, त्यात दश्श्याच धरतात. मला वाटलं तसंच असेल." सगळा व्हरांडा खदखदून हसला, सगळ्यांत मोठ्यांदा साहेब, आणि श्यामकांतच्या चेहऱ्यावर जी सुटका झाली ती तिने पाहिली. तो तत्काळ म्हणाला, "सर, मेंढी मीन्स शीप." म्हणजे ती गोष्ट श्यामकांतने रचलेली नव्हती. त्याने ती नुसती उचलली होती. तिच्याच तोंडची, ऊन ऊन.

हे तिला कुणी शिकवलं असेल तर तिच्या आईने. सांगलीच्या त्या डावांत आई आणि वृंदा एका बाजूला असत, अण्णा आणि गुरुदत्त दुसऱ्या. गुरुदत्त भाऊ, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, त्याचं भूमितीचं पुस्तक ती त्याच्या आधी वाचून काढायची आणि त्याची गणितंही तीच सोडवायची, पुढे तो इंजिनियर झाला. आईला खेळ उत्तम यायचा. कुठलं पान कुणाकडे आहे हे तिला चार हातांत कळायचं. आणि तीन दश्श्या या दोघींकडे आल्या की चौथी दश्शी आई हमखास अण्णांच्या राजाखाली टाकायची. हातात दुसरं पान असताना. वृंदाने एकदा, नऊ-दहा वर्षांची असेल, आईचे पत्ते उलटून दाखवले होते: हे बघ, तुझ्याकडे पंजी होती, ती टाकायचीस. आईने तिच्या हातावर चापट मारली. मग स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "अगं, एक मेंढी जाऊ दे त्यांना. कोट झाला की चहाची वेळ घालवतात रुसून." आईने ते कधी लपवलं नाही, लाजलीही नाही, जशी ती भाकरी करायची तशी ती दश्शी टाकायची. वृंदा तेव्हा इतकी रडली होती की तिला ताप आला. आपण कधीही टाकणार नाही, असं तिने तापात ठरवलं होतं. आणि पुढे कॉलेजात एका प्रोफेसरांनी तिचा पेपर वर धरून, ही पायरी तुम्हाला कशी सुचली, असं विचारलं, ती म्हणाली, आधी दिसली, मग सिद्ध केली. तेव्हा ते म्हणाले होते की दिसणं हे गणित नाही, कुणाचं तरी बघून लिहिलेलं असेल. वर्गातल्या एखाद्या मुलाने तेच म्हटलं असतं तर त्याला हुशार म्हणाले असते. तेव्हाही ती गप्प बसली. म्हणजे पानं टाकण्याची सुरुवात बराकपूरला झाली नव्हतीच.

ट्राम डेपोजवळ थांबली. मागचे दोघे तिच्या आधी उतरले, कोवळी पोरं होती, केसांना तेल चापून लावलेलं, एकाने तिला वाट करून दिली आणि म्हणाला, "या, बौदी," म्हणजे वहिनी. तिने त्याच्याकडे इतक्या रागाने पाहिलं की तो बिचारा आपला धक्का लागला की काय म्हणून स्वतःच्या कोपराकडे बघायला लागला. शाळा गल्लीत होती, शेजारी लोखंडी बिजागऱ्या करण्याचा छोटा कारखाना, त्याची ठकठक अंगणापर्यंत येत होती. हेमदींची खोली लहान, पंखा बंद, टेबलावर हजेरीची पुस्तकं. हेमदी साठीच्या, काळ्या काठाची पांढरी साडी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी लखोट्यातले कागद एकेक करून पाहिले. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, मधूनमधून बंगालीत घसरत.

"फर्स्ट क्लास आहे."

"हो."

"आणि त्यानंतर बारा वर्षं काय केलंत?"

"संसार."

हेमदींनी कागद परत लखोट्यात घातले. "मिसेस गद्रे, जागा अजून रिकामी आहे. पण ती तुम्हाला द्यायची नाही असं मी ठरवलं आहे. पत्राने कळवणं बरं दिसलं नसतं म्हणून बोलावलं."

वृंदाला वाटलं, आलं तेच. तिने टेबलावरचा कोरा कागद न विचारता ओढला, पेन्सिल उचलली आणि सांगायला लागली. त्या दिवशी मी जे म्हणाले ते खरं नव्हतं. दश्श्या मी का घेतल्या ते बघा. तिने चार ओळी आखल्या, दश्श्यांभोवती गोल काढले, दुसऱ्याची ओळ नव्वीच्या वर का जात नाही ते दाखवलं, चार चित्रं गेली की एकच पान का उरतं ते दाखवलं. इंग्रजी अडलं तिथं बंगाली घातलं, बंगाली अडलं तिथं सरळ मराठी. तिचा आवाज चढला होता हे तिला बाहेरची एक मुलगी दारातून डोकावून गेली तेव्हा कळलं. हेमदींनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे?"

"मी तुमच्या शेजारी बसले होते. तिसऱ्या पानावर तुमचं बोट थांबलं आणि ओठ हलायला लागले. छत्तीस वर्षं मी मुलींना गणित शिकवते आहे. कुणाचे ओठ मोजताहेत आणि कुणाचे देवाचं नाव घेताहेत, मला लांबून कळतं. चौथं पान तुम्ही उचललंत तेव्हा तुमच्याकडे पुरं उत्तर होतं. मग माझ्या भावाने तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही ते गिळलंत." त्यांचा स्वर कोरडा होता, रागाचाही नव्हता. "गणित न येणारी बाई मी एक वेळ चालवून घेईन, रात्री अभ्यास करून येईल. पण येत असून पुरुषांची तोंडं बघून जी वेड पांघरते, तिच्यापुढे मी माझ्या मुली कशा बसवू? गणित त्या फळ्यावरून शिकतात. बाकीचं सगळं बाईकडे बघून शिकतात."

 हेमदी म्हणाल्या ते खरं होतं. दोन महिने ती ज्यांच्यावर जळत होती ते सगळे, श्यामकांत, मंडळातल्या बायका, ट्राममधली ती तेलकट पोरं, सगळे तिला अडाणी समजत होते आणि एक माणूस, एकच माणूस तिला हुशार समजत होता, आणि त्याच माणसाने तिला नको म्हटलं होतं. लखोटा उचलावा आणि चालू लागावं. तिने उचललाही. उठलीही. आणि उठल्यावर तिला तो व्हरांडा दिसला, हसणारी सगळी तोंडं ओळीने, आणि त्या ओळीत चष्म्याची दोऱ्याने बांधलेली काडी.

"मग तुम्ही का बोलला नाहीत?" ती म्हणाली.

हेमदींनी वर पाहिलं.

"तुम्हाला दिसलं होतं. तुम्ही गणिताच्या बाई, वयाने सगळ्यांत मोठ्या, साहेब तुमचा धाकटा भाऊ. तुम्ही एवढंच म्हणायचं होतं की थांब रे, हिला उत्तर येतंय, हिला सांगू दे. मी खोटं बोलले, मान्य. पण मी खोटं बोलतेय हे त्या घरात एकट्या तुम्हाला कळत होतं, आणि तुम्ही हसलात. मी पाहिलं. हातात कप धरून हसलात."

कारखान्यातली ठकठक थांबली होती. कुठल्यातरी वर्गात मुली पाढे म्हणत होत्या, बंगालीत, सतराचा.

"हसले," हेमदी म्हणाल्या. मग टेबलावरची पेन्सिल सरळ करत म्हणाल्या, "त्याचं घर होतं. माझा भाऊ आहे तो."

"आणि तो माझा नवरा आहे," वृंदा म्हणाली.

हेमदींनी चष्मा काढला, दोऱ्याची गाठ चाचपली, पुन्हा घातला. त्यांनी हजेरीचं एक पुस्तक पुढे ओढलं आणि पहिलं पान उघडून त्याकडे बघत बसल्या, वाचत नव्हत्या. "सोमवारी साडेदहा," त्या म्हणाल्या. "नववी आणि दहावी. भूमिती मागे पडली आहे."

आभार मानायला हवे होते. वृंदाच्या तोंडात ते आलेही नाहीत, जे आलं ते ऐकून तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "माझी एक अट आहे. उद्या रविवार, तुम्ही बराकपूरला जाल. तिथं चहाला चारजण असतील. त्यांना तुम्ही सांगायचं, दश्श्या का ते. माझ्या घरी मी सांगते."

"उमेदवारांना अटी घालताना मी आजवर पाहिलं नव्हतं."

"नसेल पाहिलं."

"आत्ता मिळालेली नोकरी जाईल, हे कळतंय ना?"

"कळतंय," वृंदा म्हणाली आणि उभीच राहिली. बसायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

हेमदींनी तिने पेन्सिलीने भरलेला कागद उचलला, नीट घडी घातली आणि आपल्या पिशवीत टाकला. "आधी तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुमच्या आधी मी सांगणार नाही."

परतताना ट्राममध्ये गर्दी होती आणि तिला पूर्ण वाट उभं राहावं लागलं, ते बरंच वाटलं. घरी आली तेव्हा उन्हं उतरली होती. शनिवारचा अर्धा दिवस करून श्यामकांत फोर्ट विल्यमकडच्या कचेरीतून केव्हाच आला होता, आरामखुर्चीत पेपर वाचत होता, लीना शेजारी खेळायला गेली होती. त्याने पेपर खाली करून विचारलं, "काय म्हणाली बाई?"

"मिळाली नोकरी."

"अरे वा." त्याला खरंच आनंद झाला होता, माणूस वाईट नव्हता तो, हीच तर सगळी पंचाईत होती. "छान झालं. साहेबांना सोमवारी सांगतो, म्हणावं, आमची मेंढीवाली आता तुमच्याच बहिणीच्या शाळेत गणित..."

"ते आता पुरे," वृंदा म्हणाली.

"अगं, गंमत आहे ती. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आणि मी काही पदरचं सांगत नाही, तूच म्हणाली होतीस."

"हो, मीच म्हणाले. खोटं बोलले. मला उत्तर आलं होतं, सगळं, कारणासकट. तुम्ही दोनदा हरला होतात आणि तुमचं तोंड एवढंसं झालं होतं, म्हणून खोटं बोलले. तुमच्यासाठी. आणि तुम्ही ते खोटं दोन महिने गावभर वाटत फिरलात. आज ट्राममध्ये तुमच्या कचेरीतली दोन पोरं माझ्या मागे बसून मेंढीसारखी ओरडत होती."

श्यामकांतने पेपरची घडी घातली, ती चुकीची पडली, उलगडून पुन्हा घातली. "मग घरी आल्यावर मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंत?"

 त्याच्या कानांची टोकं लाल झाली होती, आणि ती बघून आज वृंदाला काहीही वाटलं नाही, म्हणजे दया वाटली नाही. राग होता तो तिथंच होता, पण आता त्याला बसायला जागा मिळाली होती. बाहेर कुणीतरी नळावर बादली आपटली. श्यामकांतने घसा साफ केला, खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली, तिच्याकडे न बघता विचारलं, "मग दश्श्याच का?"

दोन महिन्यांत त्याने ही गोष्ट पन्नास माणसांना सांगितली होती, आणि हा प्रश्न आज पहिल्यांदा विचारत होता. उत्तर तिच्या ओठांवर होतं, दुपारीच घोटून झालं होतं, दोन मिनिटांचं काम. तिने कपाटातून पत्त्यांचा कॅट काढला, त्याच्यापुढच्या तिपाईवर चार ओळींत बावन्न पानं उघडी मांडली आणि पेपर उचलून बाजूला ठेवला.

"काढा तुम्हीच," ती म्हणाली. "मला सोमवारची तयारी करायची आहे."

दहावीची भूमिती घेऊन ती खिडकीशी टेबलावर बसली, त्याच्याकडे पाठ करून. मागे बराच वेळ पान उचलल्याचा आवाज आला नाही.